शिवेपलीकडची मथी

डोंगराच्या अगदी कडेला, जिथून पुढे पाऊल टाकलं तर पायाखाली नुसते ढगच, अशा जागी एक इवलीशी वाडी होती. तिचं नाव निसणीवाडी. त्या वाडीत मथी नावाची एक चिमुरडी राहायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. एक ठिगळ जांभळं, एक हळदी, एक पोपटी, एक डाळिंबाच्या दाण्यासारखं लालचुटूक. लांबून ती फुलपाखरासारखी दिसायची. जवळून मात्र तिच्या मनगटाची हाडं दिसायची.

मथीचे आईबाप देवाघरी गेले होते. ती चुलतीकडे राहायची. ही चुलती, धुरपदा, काही दुष्ट नव्हती. (मला दुष्ट चुलत्या रंगवता येत नाहीत. मध्येच कुठंतरी त्यांची कंबर दुखायला लागते आणि मला त्यांची दया येते.) धुरपदाकाकी फक्त दमलेली होती. काका मीठ आणायला घाटाखाली गेलेला, कडेवर दात येणारं किरकिरं बाळ, आणि चुलीवरचं पातेलं लहान. पातेल्यातली नाचणीची आंबील आधी बाळाच्या तोंडात जायची, मग मथीच्या वाटीत, आणि काकी पातेलं बोटानं पुसून घ्यायची. मथीला ते दिसायचं. म्हणून ती वाटी अर्धी झाली की मोठा ढेकर द्यायची आणि उरलेली काकीपुढे सरकवायची. ढेकर खोटा असायचा. पोटातून ढेकर काढणं सोपं नसतं, त्यात पोट रिकामं असलं तर फारच अवघड.

त्या वर्षी पाऊस सरला, डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळाधम्मक झाला, आणि वाडीच्या वरच्या कपारीत एक बिबटीण येऊन राहिली.

तिला कुणी पाहिलं नव्हतं. बिबटीण दिसत नसतेच. ती असते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत तिची पावलं उमटायची. पुढच्या पंजाच्या ठशात मागचा पंजा इतका नेमका ठेवलेला, की जनावर दोनच पायांवर चालत गेलं असं वाटावं. जांभळीच्या खोडावर नखांचे ताजे ओरखडे दिसायचे. उंच फांदीच्या बेचक्यात, जिथे कुणीच काही ठेवत नाही, तिथे भेकराचे पाय लोंबताना दिसायचे. आणि कधीकधी भर दुपारी, जवळ चूल नाही, माणूस नाही, अशा रानात गरम भाताचा वास यायचा. जाणती माणसं सांगायची, असा वास आला की मागे फिरावं. तिनं आपली खूण करून ठेवलेली असते.

वाडीत तिचं नाव कुणी घेत नसे. वाडीच्या लेखी बिबट्याही वाघच, आणि वाघाचं नाव घेतलं की तो मागे वळून बघतो. म्हणून सगळे तिला नुसतं ‘वरची’ म्हणत.

मग वाघबारस आली.

वाघबारस म्हणजे दिवाळीचा पहिला दिवस. निसणीवाडीत त्या दिवशी गुराखी पोरं शिवेबाहेर जायची. शीव म्हणजे वाडीची हद्द, आणि हद्दीवर एक शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्या पलीकडे वाघोबाच्या ठाण्यापाशी मोठ्या हंड्यात खीर शिजायची. एक पोर वाघ व्हायचं. अंगभर राख फासायची, राखेवर काजळाचे ठिपके काढायचे. बाकीचे त्याला घेरून विचारायचे, येशील का आमच्या शिवेत? वाघानं म्हणायचं, नाही येणार. मग सगळ्यांनी त्याला सोनकीच्या फुलांनी मारत ओढ्यापर्यंत पिटाळायचं. वाघानं ओढ्यात अंग धुवायचं आणि शिवेच्या दगडाशी येऊन थांबायचं. आत पाऊल टाकायचं नाही, बोलायचंही नाही. का, तर वाघानं वचन दिलेलं असतं ना, येणार नाही म्हणून. मग तो परत येणार कसा? माणूस होऊन. आणि माणूस कधी होणार? आईनं शिवेच्या आतून नावानं हाक मारली की. तीही दिवेलागणीच्या आत. शेवटच्या घरचा दिवा लागला की शीव बंद.

दरवर्षी दगडू वाघ व्हायचा. त्याच्या आईची हाक इतकी खणखणीत, की घाटाखालचे बैलसुद्धा कान टवकारत. पण या वर्षी वर खरीच ‘वरची’ होती आणि दगडूचा पाय सकाळपासून दुखत होता. कुठला पाय, ते त्याला आठवत नव्हतं. बाकीच्या पोरांचंही काही ना काही दुखत होतं. वाडीतले म्हातारे गोमाबाबा काळजीत पडले. वाघाशिवाय वाघबारस कशी व्हायची?

मथी म्हणाली, मी होते. वाघाला खिरीचा पहिला द्रोण मिळतो, हे तिला ठाऊक होतं.

राख थंडगार होती. काजळाचे ठिपके गोमाबाबांनी आपल्या थरथरत्या बोटानं काढले. खीर पांढरीशुभ्र होती आणि तिच्यात गूळ होता. मथीनं द्रोणातली अर्धीच खाल्ली आणि बाकीची काकीसाठी दगडूच्या हाती पाठवली. मग पोरांनी तिला घेरलं. येशील का आमच्या शिवेत? ती म्हणाली, नाही येणार. पिवळी फुलं तिच्यावर बरसली, सगळे हसले, तीही हसली आणि पळत ओढ्याकडे गेली.

आणि इथं एक चूक झाली.

हाक आई मारते. वाडी वसल्यापासून आईच मारत आली. मथीला आई नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खिरीचा हंडा घासून झाला, बायका दिव्यांच्या वाती वळायला घरोघरी गेल्या, पोरं द्रोण चाटत गेली. काकी घरात बाळाच्या हिरड्यांना मध लावत बसली होती. दगडूच्या आईनं शेजारधर्म म्हणून मथीला हाक मारली असेलच, असं तिला वाटलं. दगडूच्या आईला वाटलं, चुलती मारेल.

ओढ्यावर मथी अंग घासत होती. राख गेली. ठिपके जाईनात. तिनं वाळूनं घासलं, मग पालापाचोळ्यानं. काजळ पुसलं जाण्याऐवजी कातडीत मुरत गेलं. एकेक ठिपका पसरून फुलासारखा झाला. मधे पोकळ, भोवती काळ्या पाकळ्या.

ती शिवेच्या दगडाशी येऊन उभी राहिली. दरीतून धुकं वर आलं. आधी कारवीची झुडपं गेली, मग वाडीची छपरं. पलीकडे माणसांचे आवाज येत होते, पण त्यातला एकही तिच्या नावाचा नव्हता. धुक्यातून तिची लाडकी शेळी दगडापाशी आली. तिनं मथीचा वास घेतला, तिचे डोळे गोल झाले आणि ती उलटी पळाली. मथीनं एक पाय हळूच शिवेच्या आत टाकून पाहिला. पाय पुढे जाईना. मधे काहीच नव्हतं, तरी जाईना.

तेवढ्यात गरम भाताचा वास आला.

आधी डोळे दिसले. हिरवट सोनेरी, पाण्यातल्या दिव्यासारखे. मग एक परी दिसली. चालत आली म्हणावं तर गवत वाकलं नव्हतं, उडत आली म्हणावं तर पंख नव्हते. वाळल्या गवताच्या रंगाचं झुळझुळीत लुगडं, त्यावर काळी पोकळ फुलं. केसांत दवाचे लुकलुकते थेंब. पायांत पैंजण होते, पण ते वाजत नव्हते. ती हसली की मथीएवढी वाटायची, गप्प राहिली की डोंगराएवढी जुनी.

“कुणाची वाट बघतेस गं, सोनुले?” तिनं विचारलं. आवाज मऊ होता.

“हाकेची.”

“मी पण बघायचे,” परी म्हणाली.

मथीला विचारायचं होतं की मग आली का, पण परीच्या चेहऱ्याकडे बघून तिनं विचारलं नाही.

परीनं सांगितलं की ती डोंगरपरी आहे आणि शिवेबाहेर राहिलेल्या लेकराला एक मागणं मागता येतं. पण त्याला नियम होते. माझ्यासमोर पळायचं नाही, कारण पळणारं ते भक्ष्य. माझ्याकडे पाठ करायची नाही, कारण इथं सगळं मागूनच येतं. खाली बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस माणसासारखं दिसत नाही. मथीनं मान हलवली. हे नियम तिला शेळ्या राखताना पाठच झाले होते.

“आणि हाक मागू नकोस,” परी हळूच म्हणाली. “दुसऱ्याच्या तोंडून हाक काढणं माझ्या हातात नाही. बाकी काहीही माग. पण स्वतःसाठी मागितलंस की तू इथलीच होशील.”

मथीनं विचारलं, तू काय मागितलं होतंस?

“पोटभर भात. आता मला भूक लागत नाही. आता पोटच नाही.”

आणखी कुणी राहिलंय का इथं, असं मथीनं विचारलं. परीनं कारवीकडे पाहिलं. वारा नव्हता, तरी कारवी हलली. या डोंगराला वाड्या खूप, परी म्हणाली, आणि आई नसलेली लेकरंही खूप.

(इथं माझी लेक माझा हात घट्ट धरते. मी तिला सांगते की अजून गोष्ट संपलेली नाही. खरं तर हात मीच धरलेला असतो.)

मग इथलं होणं कसं असतं, ते परीनं मथीला थोडंसं चाखायला दिलं. तिनं आपला थंड तळवा मथीच्या डोळ्यांवरून आणि कानांवरून फिरवला. मथीनं डोळे उघडले आणि धुकं काचेसारखं झालं. गवताच्या पात्यावरची मुंगी दिसली, मुंगीच्या तोंडातला साखरेएवढा कण दिसला. दूरच्या दगडाखाली उंदीर मिशा पुसत होता, त्याचा आवाज ऐकू आला. तिचा एक कान पुढे वळला, दुसरा मागे, वेगवेगळे, आपोआप. तिनं पाऊल टाकलं तर पाचोळा वाजला नाही. इतकं छान तिला कधीच वाटलं नव्हतं. इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

परी म्हणाली, हे कायमचं मागशील? पाय कापसाचे, डोळे दिव्यांचे. कुणाच्या वाटीकडे बघावं लागणार नाही.

मथीच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. तेवढ्यात वरच्या कपारीत काहीतरी हललं आणि नव्या डोळ्यांना ‘वरची’ दिसली.

बिबटीण आपलं घर हलवत होती. खाली पोरांनी हंडे बडवले, आरडाओरडा केला, म्हणून. परीनं मथीला हळू आवाजात सांगितलं, ती एका जागी फार दिवस राहत नाही. पिलांचा वास मुरला की तरसाला पत्ता लागतो. चिमुकलं पिल्लू बिबटिणीनं मानेच्या सैल कातडीला धरून उचललं होतं, इतक्या हळुवार की ज्या दातांनी भेकराची मान मोडते ते हेच दात, यावर विश्वास बसू नये. मोठं पिल्लू मागून चालत होतं. तिनं शेपूट वर वळवली होती, आणि शेपटीच्या टोकाखाली कापसासारखा पांढरा ठिपका होता.

“तो पिलांचा दिवा,” परी म्हणाली. “ती मागे बघत नाही. पिलं त्या दिव्याकडे बघत चालतात. आणि मधूनमधून ती नाकानं फुरफुरते. ती तिची हाक.”

म्हणजे बिबट्याच्या पिलांनासुद्धा हाक येते. मथीचा एक कान वाडीकडे वळला.

धुकं आणखी दाट झालं. बिबटीण ओढा ओलांडून पुढे गेली. मोठं पिल्लू ओढ्याच्या अलीकडे एका बेडकाकडे बघत राहिलं. पिलंच ती. त्यानं मान वर केली, तर पुढे पांढरं काहीच नव्हतं. धुकंही पांढरंच. आई पलीकडून फुरफुरत असेल, पण ओढा खळखळत होता. पिल्लू म्याऊ म्हणालं. मग पुन्हा म्हणालं, जरा मोठ्यानं. आणि मथीच्या मागे फिरलेल्या कानाला वाडीची कुत्री ऐकू आली. त्यांना वास लागला होता.

आता मथीला कळेना. शिवेच्या दगडापासून हलावं आणि तेवढ्यात हाक आली तर? वाडीत एकेक दिवा लागायला सुरुवात झाली होती. धुक्यात त्यांचे केशरी ठिपके उमलत होते. तिथं उभी राहिली तर कदाचित ती घरी जाईल. गेली तर कदाचित कधीच नाही.

पिल्लू रडलं.

मथी गेली. पळत नाही, चालत. पाठ न करता, परीकडे तोंड ठेवून, आडवी आडवी, खेकड्यासारखी. ती पिलापाशी पोचली तेव्हा कुत्रीही पोचली होती. ही तीच कुत्री, जी रोज तिच्या हातचा भाकरीचा तुकडा खायची. त्यांनी दात विचकले. मथी पिलाच्या पुढे ताठ उभी राहिली. त्यांना घालवावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या घशातून ओल्या लाकडात करवत ओढावी तसा आवाज निघाला. खर्र, खर्र, खर्र. कुत्र्यांनी शेपट्या पोटाखाली घेतल्या आणि ती धुक्यात विरघळली.

तो आवाज ऐकून मथीलाच रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता.

तिनं परीला विचारलं, मागणं दुसऱ्यासाठी मागितलं तर काय होतं? परीनं पिलाकडे पाहिलं. मग म्हणाली, ठाऊक नाही. आजवर कुणी मागितलंच नाही.

“मग तिच्या शेपटीच्या दिव्यात वात घाल,” मथी म्हणाली. घशातून शब्द खरवडत आले. “म्हणजे पिलाला दिसेल.”

परीचे डोळे मिटले आणि उघडले. “माझ्याकडे उजेड एवढाच आहे गं. तो दिला तर मी दिसेनाशी होईन.”

मथी घाबरली. तिनं म्हटलं, मला माहीत नव्हतं, राहू दे, दुसरं काहीतरी करू. पण परीनं मान हलवली. तिच्या केसांतले दवाचे थेंब एकेक करून चमकले आणि तुटले. लुगड्यावरची फुलं फिकट झाली. तिच्या अंगातून चांदणं सांडल्यासारखं काहीतरी निघालं, गवतावरून सळसळत ओढ्यापार गेलं आणि दूर उंचावर, धुक्याच्या आत, शेपटीचं एक टोक लखलखलं. इवलंसं. काजव्याएवढं. पिलानं कान टवकारले, ओढ्यातल्या दगडांवरून टुण टुण उड्या मारल्या आणि त्या उजेडाकडे धावलं.

परी दिसेनाशी झाली होती. भाताचा वास तेवढा उरला होता.

बिबटिणीची वाट पुढे वळसा घालून शिवेच्या दगडावरून वर जात होती. पुढे उजेड, मागे पिल्लू, त्याच्या मागे कुत्री परत येतात का ते बघत मथी, अशी ती वरात दगडापाशी आली. बिबटीण थांबली. तिनं एकदाच मथीकडे पाहिलं. रोखून नाही, आपल्या शेजारणीकडे बघावं तसं. मग ती कारवीत शिरली, पिलं शिरली, आणि तिथं काही नव्हतंच असं झालं. उजेड मात्र तिच्या शेपटीवरून सुटला आणि दगडावर तरंगत राहिला.

तो उजेड वाडीनं पाहिला. माणसं काठ्या आणि पलिते घेऊन बाहेर आली. धुक्यात त्यांना काय दिसलं? अंगभर काळी फुलं, हिरवे जळते डोळे, आणि दोन पायांवर उभं असलेलं काहीतरी. कुणीतरी दगड उचलला. गोमाबाबा म्हणाले, कुणी पळू नका, दिवे लावा, शीव बंद करा. दिवे सगळ्यांचे लागलेलेच होते. एक घर राहिलं होतं, धुरपदाचं. तिच्या चुलीतला विस्तव विझला होता, म्हणून ती बाळाला कडेवर घेऊन, हातात न लागलेली पणती धरून विस्तव मागायला बाहेर आली होती.

दगडूची आई तिला म्हणाली, लाव लौकर, बाई, तुझ्यापायी शीव उघडी राहिली.

धुरपदानं पणती पलित्याजवळ नेली. मग हात थांबला.

“माझी मथी कुठंय?”

तिनं घोळक्यातल्या पोरांकडे पाहिलं.

“तिला हाक कुणी मारली?”

दगडूची आई गोमाबाबांकडे बघायला लागली. गोमाबाबा आपल्या बोटाकडे बघायला लागले. त्यावर अजून काजळ होतं.

धुरपदा पुढे आली. शिवेच्या आत, दगडाच्या अलीकडे थांबली. पलीकडे ते उभं होतं. मथीला ‘काकी’ म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि करवत वाजली. माणसं मागे सरली. गोमाबाबांनी धुरपदाला सांगितलं की नीट विचार कर. ही मथी असेल तर ठीक. पण ‘वरची’ असेल आणि तू तिला नावानं आत बोलावलंस, तर ती येईल, आणि मग तिला कुणी घालवू शकणार नाही. तुझ्या कडेवर तान्हं आहे.

धुरपदाला भीती वाटत होती. तिनं त्या डोळ्यांत मथी शोधली. तिला सापडली नाही. मला कुणी विचारलं की अशा वेळी तू काय केलं असतंस, तर मी विषय बदलेन.

तिनं बाळ दगडूच्या आईच्या हाती दिलं. वेडी नव्हती ती. मग पदर खोचला.

“मथी असशील तर मथी, वाघ असशील तर वाघ,” ती म्हणाली. “एवढ्या गारठ्यात कुणाचंच लेकरू बाहेर ठेवू नये. मथे, घरी ये.”

मथीनं पाय उचलला. पाय आत पडला.

जिथं पडला तिथून काळी फुलं पाचोळ्यासारखी गळायला लागली. पायावरची, हातांवरची, गालांवरची. धुकं पुन्हा धुकं झालं, उंदराचा आवाज बंद झाला, दोन्ही कान एकाच दिशेला ऐकू लागले. तिच्या घशातून “काकी” निघालं, घोगरं, पण तिचंच. काकीनं तिला पदरात ओढलं आणि पाठीत एक हलका धपाटा घातला. कुठं होतीस एवढा वेळ, असं विचारलं. आणि स्वतःच रडायला लागली, कारण कुठं होती ते तिला आता कळलं होतं.

पण मथी पदरातून बाहेर आली. आता ती शिवेच्या आत होती, आणि आत उभं राहून हाक मारता येते. ती दगडाकडे वळली. उजेड तिथंच होता, शिवेच्या पलीकडे, काजव्याएवढा, कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं थांबलेला. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. त्यालाही आठवत नसावं.

“ताई,” मथीनं हाक मारली. “घरी ये गं. आणि त्या कारवीतल्या सगळ्याजणी, तुम्हीपण या.”

आधी काहीच झालं नाही. मग उजेडानं शीव ओलांडली. काकीच्या हातातली पणती कुणी न लावता लागली, आणि त्या ज्योतीत क्षणभर एक चेहरा दिसला, मथीएवढाच, हसरा, गालाला भाताचं शीत लागलेला. पैंजण वाजले. पहिल्यांदाच. पाठोपाठ कारवीतून काजव्यांसारखे ठिपके उठले, सोनेरी, केशरी, निळसर, इवले इवले, आणि माणसांच्या डोक्यांवरून, काठ्यांवरून, छपरांवरून वाडीत शिरले. ज्या घरी एक पणती होती तिथं ती दोघींच्या उजेडानं जळायला लागली. कुठल्या घरी किती गेल्या, हे कुणी मोजलं नाही. मग लखकन सगळं पांढरं झालं, आणि डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. पणत्या होत्या.

त्या वर्षापासून निसणीवाडीत वाघबारशीला एकटी आई हाक मारत नाही. सगळी वाडी शिवेवर जमते, म्हातारे, बायका, बापये, दगडूसुद्धा, आणि वाडीतल्या सगळ्या लेकरांची नावं घेते. नावं संपली की थोडं थांबते. मग ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांना नुसतं ‘या गं, या रे’ म्हणते. त्यानंतरच दिवे लागतात. वर कपारीत करवत ओढल्यासारखा आवाज येतो तेव्हा कुणी दारं लावत नाही, पण कुणी वरही जात नाही. तिचं तिकडे, आपलं इकडे.

मथीला जशी हाक आली, तशी तुमच्याआमच्या, आणि कुणाच्याच नसलेल्या, सगळ्या लेकरांना वेळेवर येवो.